मनाचे जुने व्रण

दाराची कडी वाजतांच दचकणारें, क्षुल्लक बोलण्यानें भडकणारें माणूस आपल्या पाहण्यांत असेल. त्यास विक्षिप्त म्हणून आपण मोकळे होतों. परंतु वर्षानुवर्षें सोसलेल्या छळाचा तो व्रण असूं शकेल. एखाद्या अपघाताच्या धक्क्याहून हा व्रण निराळा, हें अमेरिकेंतील मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनीं १९९२ सालीं मांडलें. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अमलांत आलेल्या रोगवर्गीकरणांत ‘जटिल आघातोत्तर तणावविकार’ म्हणून त्याची स्वतंत्र नोंद आहे. गतभय पुनःपुन्हा अनुभवण्याच्या जोडीस यांत भावना आवरत नाहींत, स्वतःविषयीं हीनता वाटते आणि आप्तांशीं जवळीक टिकत नाहीं. ज्यास घरच्यांनींच छळलें, त्यास पुढें खरी मायाहि संशयास्पद वाटते. म्हणून अशांस दिलेला शब्द पाळावा. आणि जाणत्या वैद्याकडे न्यावयाचें तर त्यांच्या संमतीनेंच न्यावें.