हजेरीपटापासून हॅकेथॉनपर्यंत
(तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



हॅकेथॉन हा शब्द आपल्यापैकी अनेकांना नवा असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. संगणक जाणणारी मुले-मुली दोन दिवस एकत्र बसतात, एखादा प्रश्न घेतात आणि सरकारने खुल्या केलेल्या आकडेवारीतून त्यावर काही उपयोगाचे तयार करून दाखवतात. प्रोग्राम ती लिहितील, त्याची काळजी नको. पण प्रश्न आपण ठरवला नाही तर तोही तीच ठरवतील, आणि मग मोटार उभी करायला जागा शोधून देणारे आणखी एक ॲप जन्माला येईल.

हे काम तसे जुनेच आहे. २ डिसेंबर १९९४ रोजी राजस्थानात पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी दफ्तरातल्या नोंदी गावासमोर मोठ्याने वाचल्या गेल्या. माहिती दफ्तरात होती. ती खरी की खोटी हे सांगू शकणारी माणसे समोर बसली होती. दोघांची गाठ घालून दिली, एवढेच. त्या चळवळीतून पुढे १९९६ चे ब्यावरचे धरणे झाले, २००५ चा माहिती अधिकार कायदा आला आणि २०१९ मध्ये राजस्थान सरकारचे जन सूचना पोर्टल सुरू झाले.

प्रश्न कसा निवडावा याचे मला पटलेले उदाहरण रोजगार हमीच्या मजुरीचे आहे. २००५ च्या त्या केंद्रीय कायद्यात पंधरा दिवसांत मजुरी देण्याचे बंधन होते. उशीर झाल्यास दर दिवशी ०.०५ टक्के भरपाई. हिशेब संगणकच करीत असे. पण तो उशीर मोजायचा पैसे देण्याचा आदेश निघेपर्यंतच! पुढे केंद्राकडून पैसा मजुराच्या खात्यात पडेपर्यंतचे दिवस कोणी धरीतच नव्हते. अभ्यासकांनी सरकारच्याच संकेतस्थळावरच्या तारखा लावून पाहिल्या आणि ही चलाखी उघडी पाडली. उशीर कोणत्याही टप्प्यावर झालेला असो, मजूर भरपाईला पात्र आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्वराज अभियानाच्या खटल्यात स्पष्ट केले.

येथे तक्रार मजुराची होती, कायद्यात ठरलेली मुदत होती, तारखा एकेका व्यवहाराच्या होत्या आणि देणेकरी कोण हेही माहीत होते. यातले एक जरी नसते तरी नुसता रंगीत आलेख हाती आला असता. जिल्ह्याच्या सरासरीवर भांडता येत नाही, साथींनो. सरासरी कोणाचीच मजुरी बुडवीत नाही!

बांधकाम मजुरांचेच घ्या. १९९६ च्या कायद्याने त्यांच्यासाठी कल्याण मंडळे आली, उपकरही आला. मंडळाने किती जमवले व किती खर्च केले, हा आकडा वर्तमानपत्राला पुरेल. आपल्याला हवे ते दुसरेच : अर्ज कोणत्या तारखेला दिला, कोणाच्या टेबलावर अडला, का नाकारला. हे रकाने मिळत नसतील तर आधी माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा, हॅकेथॉन नंतर.

कधी आकडा नसणे हाच प्रश्न असतो. टाळेबंदीत वाटेत किती स्थलांतरित मजूर मेले याची नोंद ठेवलेली नाही, असे उत्तर केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत दिले. तोवर काही स्वयंसेवकांनी वर्तमानपत्रांतील बातम्या जमवून यादी सुरू केलीही होती. तेव्हा पोर्टलवर काय सापडते तेवढ्यावरूनच विषय ठरवू नका.

आणि एक पथ्य. मजुरांची नावे, खाते क्रमांक, आधार क्रमांक सरकारी यादीत दिसले तरी आपल्या पडद्यावर झळकता कामा नयेत. मुकादमाला तेवढेच हवे असते.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक शाखेने एकच तक्रार लिहून आणावी. ती कोणत्या नोंदवहीत सापडेल, ती वही कोणत्या कचेरीत असते आणि आकडा हाती आल्यावर तो घेऊन कोणाच्या दारात जायचे, हेही त्याच कागदावर असू द्या.