हजेरीपटावर नाव कुणाचं?

(उलवे येथील महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



दुष्काळावर बोलणार म्हटल्यावर इथली एक बहीण म्हणाली, "ताई, आमच्याकडं पाऊस धो धो पडतो. आम्हाला कसला दुष्काळ?" पण तुमच्यातल्या कितीजणी मराठवाड्यातून बिगारीकामाला इथं आल्या? हात वर करा बरं. पाहा! पाणी तिकडं आटतं आणि बाई इथं नाक्यावर उभी राहते.

जुने दुष्काळ आपण कथांमधून ऐकतो. १३९६ पासून बारा वर्षं दुर्गादेवीचा दुष्काळ चालला, असं परंपरा सांगते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी कोठारं उघडली, ही कथा पंधराव्या शतकातली. धान्य देणाऱ्याचं नाव राहिलं. पदर पसरून रांगेत उभ्या राहिलेल्या बाईचं नाव कुणाला माहीत आहे?

युरोपातही तेच दिवस होते. १३१५ ते १३१७ अतिवृष्टीनं पिकं कुजली, माणसं उपाशी मेली. १३४७ पासून प्लेग आला. मजूर मिळेनात, तेव्हा जगले-वाचलेले जास्त मजुरी मागू लागले. इंग्लंडच्या राजानं लगेच १३४९ मध्ये हुकूम काढला आणि १३५१ मध्ये कायदाच झाला. मजुरी साथीच्या आधीचीच घ्यायची. साठीच्या आतल्या धडधाकट, भूमिहीन पुरुषानं आणि बाईनंही सांगेल त्याच्याकडं राबायचं. १३८१ मध्ये लोक उठले. उठाव चिरडला गेला, पण वेठीची पकड पुढं सैल होत गेली. संकटात आपल्या कष्टाची किंमत कळते. ती पदरात मात्र आपोआप पडत नाही.

आता आपला बहात्तरचा दुष्काळ. माझी आई तेव्हा खडी फोडायला जायची. मिलो आणि सुकडी हे शब्द आमच्या घरात अजून आहेत. मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, त्यात बाया मोठ्या संख्येनं. आईच्या हाताला घट्टे पडले. हजेरी वडिलांच्या नावावर लागली, पगारही त्यांच्याच हातात. पण बांधाबाहेर न गेलेल्या बाया तिथं एकत्र बसल्या, बोलल्या, मोर्च्यात गेल्या. शहाद्याकडं आदिवासी बायांनी दारूचे गुत्ते फोडले. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी-थाळ्या घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या.

या काळातूनच रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे यांनी ती मांडली, कष्टकऱ्यांच्या संघटनांनी लावून धरली. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता. बाईला आणि पुरुषाला एकच दर. खैरात मागणारी बाई हक्क मागणारी झाली, हा खरा बदल! पुढं २००५ मध्ये देशानं कायदा केला, त्याला हाच अनुभव उपयोगी पडला.

मग उलव्यात हे का सांगते? इथली भातशेती, मिठागरं गेली. जमिनीसाठी १९८४ मध्ये जासई-दास्तानला पाचजण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांचा हक्क आला. लावणी बायांनी केली, मोर्च्यातही बाया होत्या. भूखंडाच्या कागदावर किती बायांची नावं लागली? मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं वाटा देणारा कायदा महाराष्ट्रानं १९९४ मध्ये केला, देशानं २००५ मध्ये. तरी भाऊ दुरावेल म्हणून आपणच हक्कसोडीवर अंगठा देतो.

म्हणून घरी गेल्यावर दोन कामं करा. घराचे, जमिनीचे कागद काढून आपलं नाव आहे का ते बघा. नाक्यावरच्या बहिणींनी ठेकेदाराच्या वहीत आपली हजेरी आपल्याच नावावर लागते का ते विचारा. एकटीनं नको, पाचजणी मिळून विचारा.

पुढच्या बैठकीला काय उत्तर मिळालं ते घेऊन या. तिथूनच सुरुवात करू.