घरातले कोळी : ओळख आणि बंदोबस्त



घरात कोळी वाढले की काहीजण पिकावर मारून उरलेलं औषध पंपाने घरातही मारतात. असं कधीही करू नका. ते धान्यावर, भांड्यांवर, अंथरुणावर बसतं आणि लेकराबाळांच्या पोटात जातं. कोळ्यापेक्षा हा धोका कितीतरी मोठा आहे.

आधी कोळी ओळखा. कीटकाला सहा पाय, कोळ्याला आठ.

१. छपराच्या कोपऱ्यात उलटा लटकणारा, लांब काडीसारख्या पायांचा कोळी. धक्का लागला की अंग गरगर हलवतो. जास्त जळमटं याचीच.

२. भिंतीवर टुणकन उडी मारणारा बुटका कोळी. हा जाळं विणून शिकार करत नाही. माश्या, डास झडप घालून धरतो.

३. रात्री निघणारा मोठा, चपटा कोळी. हा झुरळं खातो. मादी अंड्यांची चपटी पिशवी पोटाखाली धरून फिरते.

हे तिन्ही आपणहून माणसाच्या वाटेला जात नाहीत. मोठा कोळी अंगाखाली दाबला गेला तर चावतो. जागा साबणाने धुवावी. सूज वाढली तर दवाखाना गाठावा.

बंदोबस्त सोपा आहे. दर आठवड्याला बांबूला केरसुणी बांधून जळमटं अंड्यांसकट काढा. भिंतीच्या भेगा लिंपा. दिव्यावर किडे येतात आणि किड्यांमागे कोळी. म्हणून दारातला दिवा गरजेपुरताच लावा.

भातावरचे तुडतुडे खाणारा कोळी आपण मित्र मानतो. घरातला त्याचाच भाऊबंद आहे. त्याला केरसुणी पुरते, विष नको.