उपकारक जीवाणू आणि आतड्याचा दाह


अल्सरेटिव्ह कोलायटिस व क्रोन्स हे आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचे दोन विकार. या रुग्णांचे नातेवाईक आम्हांला वारंवार विचारतात, "रोजच्या महाग गोळ्यांऐवजी प्रोबायोटिक किंवा दही चालेल का?" काही देणगीदारांनी प्रोबायोटिकसाठी निधीही देऊ केला आहे. म्हणून डॉक्टरांकडून समजून घेतलेली वस्तुस्थिती आपणांपुढे ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो.

ही कल्पना निराधार नाही. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, जर्मन वैद्य आल्फ्रेड निस्ल यांनी अतिसाराच्या साथीतही निरोगी राहिलेल्या एका सैनिकाच्या मलातून ई. कोलाय जीवाणूचा निरुपद्रवी वाण वेगळा केला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, ३२७ रुग्णांच्या वर्षभराच्या अभ्यासात शमलेला अल्सरेटिव्ह कोलायटिस पुन्हा उफाळण्याचे प्रमाण या वाणावर ३६.४ टक्के, तर मेसालाझिन या प्रचलित औषधावर ३३.९ टक्के आढळले. २००९ साली भारतातील १४७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आठ जीवाणूंचे मिश्रण घेणाऱ्या ४२.९ टक्के रुग्णांचा आजार बारा आठवड्यांत शमला. औषधविरहित पुडी घेणाऱ्यांत हे प्रमाण १५.७ टक्के होते.

मात्र हे यश विशिष्ट वाणांचे व ठरावीक मात्रेचे आहे. क्रोन्स विकारात खात्रीलायक लाभ दिसलेला नाही. २०२० साली अमेरिकन गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिकल असोसिएशननेही या दोन्ही विकारांत प्रोबायोटिकचा वापर संशोधनापुरताच ठेवावा, असे सुचविले. घरच्या दह्यातील जीवाणूंचा वाण व संख्या निश्चित नसते. पचत असेल त्यांनी दही जरूर खावे, परंतु आहार म्हणून. औषध म्हणून नव्हे. प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णांत तर असे जीवाणू क्वचित रक्तातही शिरू शकतात.

बरे वाटले म्हणून गोळ्या थांबविल्यास दाह पुन्हा उफाळू शकतो, आणि वर्षानुवर्षे धुमसणाऱ्या दाहाने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. त्या वेळी आज वाचलेल्या पैशांचा हिशेब कुटुंबाला फार महाग पडतो.

म्हणून नातेवाईकांना आमची विनंती आहे, की डॉक्टरांना विचारल्याविना एकही गोळी बंद करू नये; खर्च झेपत नसेल, तर तसे आम्हांला निःसंकोच सांगावे. देणगीदारांना विनंती, की आपला निधी प्रथम नियमित औषधे व दुर्बिणीच्या तपासणीसाठी द्यावा. जीवाणूंवरील संशोधनाकडे आमचे डॉक्टर लक्ष ठेवून आहेत. पुरावा भक्कम होईल, त्या दिवशी हाच प्रस्ताव आम्ही स्वतः आपणांपुढे आणू.