पाइपाला फाटा फुटतो तेव्हा

कुंडी भंडाऱ्याच्या गावात नळकामावर बोलायला उभं राहणं हे थोडं धाडसच आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून नुसत्या उताराच्या जोरावर बुऱ्हाणपुरात आणलं गेलं. त्या पाण्याला पंपाचा रेटा नव्हता. दोन वाटा मिळाल्या तर तिथलं बांधकाम नीट झालं की भागत असे. आजचा माझा विषय मात्र दाबाच्या, वेल्डिंगने जोडलेल्या पाइपांचा आहे. म्हणून शेजारच्या नेपानगरला जाऊ.

नेपाची कागद गिरणी १९५५ मध्ये सुरू झाली. पुढच्या वर्षी पंडित नेहरूंनी ती देशाला अर्पण केली. सालई आणि बांबूपासून तिथे वृत्तपत्रांचा कागद होत असे. नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये ती पुन्हा चालू झाली. कोणतीही कागद गिरणी आतून पाहिली, तर यंत्रांपेक्षा पाइपच जास्त दिसतात. वाफेचे, पाण्याचे, लगद्याचे. आणि लगदा फार खोडकर असतो. फाट्याचं टोक मुख्य पाइपाच्या आत पाच मिलिमीटर डोकावलं, तरी त्यावर तंतू अडकतात. त्यांचा गुंता वाढतो, कधीतरी सुटतो आणि पुढे धावत्या कागदाला भोक पाडतो किंवा कागदच तोडतो.

आता कॅडचा पडदा बघा. ड्रॉइंग काढणारा मुलगा एक नळकांडं काढतो, त्यात दुसरं आडवं खुपसतो आणि दोन्ही एकत्र करण्याची आज्ञा देतो. चित्र सुरेख दिसतं. पण मुख्य पाइपाला भोक पडलेलं नाही, आणि फाटा किती लांबीचा कापायचा ते कळत नाही. या चित्रात जोड नाहीच. माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे: कुठली कड कशाला टेकणार, हे ज्याने ठरवलं नाही त्याने जोड काढलेला नाही.

रीत साधी आहे. मुख्य पाइप वेगळा ठेवा, फाटा वेगळा ठेवा. फाटा मुख्य पाइपाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर बसवायचा असेल, तर मुख्य पाइपातलं भोक फाट्याच्या आतल्या व्यासाचं घ्या आणि ते फाट्याच्याच स्केचशी बांधा, म्हणजे उद्या फाट्याची जाडी बदलली की भोकही बदलेल. फाटा भोकात उतरवायचा असेल, तर भोक त्याच्या बाहेरच्या व्यासाचं लागतं. लगद्यासाठी मी पहिली रीत निवडेन.

पुढची अडचण मात्र अनेक अनुभवी लोकांनाही चकवते. सहा इंची पाइपावर चार इंची फाटा काटकोनात बसवायचा आहे. बाहेरचे व्यास १६८.३ आणि ११४.३ मिलिमीटर, फाट्याची भिंत ६ मिलिमीटर. फाट्याचं तोंड माशाच्या तोंडासारखं कापावं लागतं. कुशीला, म्हणजे मुख्य पाइपाच्या दोन्ही बाजूंना, ते किती खोल उतरतं? बाहेरच्या त्रिज्येने हिशोब केला तर सुमारे २२.४ मिलिमीटर, आतल्या त्रिज्येने केला तर १७.३. गॅसने कापणारा टॉर्च फाट्याच्या मध्याकडे रोखून कापतो, म्हणून भिंतीच्या आत-बाहेर खोली तीच राहते. २२ चा फर्मा दिलात, तर फाटा कुशींना आतल्या कडेवर टेकतो आणि पुढे-मागे पाच मिलिमीटर अधांतरी राहतो. मग वेल्डर तिथे सळीचे तुकडे भरतो. १७ चा फर्मा दिला, तर आतली कड सगळीकडे टेकते आणि कुशीला बाहेरून वेल्डला आपसूक खाच मिळते. रूट गॅपसाठी फाटा दोन-तीन मिलिमीटर वर उचलायचा, पुढे-मागे बेव्हल द्यायचा, की काम झालं.

फर्मा काढण्यासाठी बरेच जण फाट्याला उभी चीर देऊन तो पत्र्यासारखा उलगडतात. युक्ती छान आहे. पण सॉफ्टवेअर जाडीच्या मध्यावरची लांबी धरत असेल, तर पट्टी ३४० मिलिमीटर येते आणि पाइपाभोवती गुंडाळायला ३५९ लागतात. म्हणून खोली आतल्या त्रिज्येने काढायची, पण मांडायची बाहेरच्या परिघावर. सोळा भागांचा तक्ता पुरतो. दोन नळकांडी छेदतात ती रेषा कागदावर कशी काढावी, हे शास्त्र अठराव्या शतकात फ्रान्समध्ये गास्पार मोंज याने उभं केलं, आणि लष्कराने ते काही वर्षं गुपित ठेवलं होतं! आज ते आपल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये खडूने काढलं जातं.

आता ताकदीचं. पाइपाला भोक पाडलं की दाब झेलणारं लोखंड गेलं. ते आजूबाजूला भरून द्यावं लागतं. एएसएमईच्या बी ३१.३ संहितेत हा हिशोब क्षेत्रफळाने करतात: पाइपाच्या आणि फाट्याच्या भिंतीतली शिल्लक जाडी, वेल्ड, आणि तरीही कमी पडलं तर भोवती लोखंडी पट्टीचा पॅड. फाटा ४५ अंशांत तिरका केला, तर लागणारं क्षेत्रफळ काटकोनाच्या तुलनेत पावणेदोनपटीहून जास्त होतं. शिवाय त्या अरुंद कोपऱ्यात इलेक्ट्रोड नीट पोचत नाही. प्रवाहाला तिरका फाटा सोयीचा असतो हे खरं, पण वेल्डरचं मनगट तिथे जातं का, हे मॉडेल फिरवून बघायला एक मिनिट लागतं. जात नसेल तर तयार टी किंवा वेल्डोलेट नावाचा तयार जोड घ्या. महाग पडेल, पडू द्या.

पॅड लावणार असाल, तर आधी आतल्या वेल्डची तपासणी, मगच पॅड. पॅडला एक बारीक भोक मॉडेलमध्येच दाखवा. वेल्डिंगच्या वेळी आत कोंडलेली हवा त्यातून निघते आणि पुढे आतला वेल्ड गळला तर तिथूनच कळतं. आणि ड्रॉइंगवर ठळक लिहा की हे भोक वेल्डने बुजवू नये, कारण नीटनेटकेपणाच्या हौसेने ते कुणीतरी हमखास बुजवतं.