तिकडं गाई येतात, इकडं गाडी जाते

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर थापत राहा, शेतात असाल तर मोबाईल बांधावर ठेवा आणि आवाज जरा मोठा करा. आज आम्ही तुम्हाला लांब घेऊन जाणार आहोत, आफ्रिकेतल्या टांझानिया देशात. आणि परत आणणार आहोत आपल्याच गटाच्या ठराव वहीपाशी.

आमच्या गटात एक मावशी आहेत. नगर जिल्ह्यातल्या वाडीवरचं ख्रिस्ती घर, दोन एकर कोरडवाहू. त्यांची धाकटी लेक नर्सिंग शिकली, मग सिस्टर झाली. सव्वीस वर्षांची असताना तिच्या संस्थेनं तिला मिशनच्या कामासाठी टांझानियाला पाठवलं. व्हिक्टोरिया नावाचं समुद्रासारखं मोठं सरोवर आहे, त्याच्या काठी म्वांझा शहर. त्या बाजूच्या एका खेड्यात तिचा दवाखाना. ती गेली त्या आठवड्यात मावशी मीटिंगला आल्या आणि नुसत्या बसून राहिल्या. बचतीचे पैसेसुद्धा पदराच्या गाठीतच राहिले.

मग लेकीचे व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप यायला लागले. मावशींना फोन नीट चालवता येत नाही, म्हणून मंगळवारच्या मीटिंगमध्ये आम्ही ते लावायचो. हळूहळू असं झालं, की हप्ता नसला तरी बाया निरोप ऐकायला हजर!

पहिलाच निरोप ऐकून आम्ही पोट धरून हसलो. तिथल्या बायांनी तिला गटाच्या बैठकीला बोलावलं होतं. वेळ सांगितली 'सा तातू', म्हणजे तीन वाजता. ही बरोबर दुपारी तीनला पोचली. झाडाखाली कुणीच नाही! बाया सकाळी नऊपासून वाट बघून घरी गेल्या होत्या. स्वाहिली भाषेत तास मोजतात दिवस उजाडल्यापासून. सकाळी सात म्हणजे त्यांचा एक, आठ म्हणजे दोन, नऊ म्हणजे तीन. तो देश विषुववृत्ताच्या जवळ, त्यामुळं बारा महिने दिवस साधारण एकाच वेळी उजाडतो आणि तो हिशेब जमतो. सिस्टर म्हणाली, "आई, माझं घड्याळ बरोबर होतं, पण मी चुकीची होते."

दुसरी चूक नमस्काराची. तिकडं लहान माणसानं मोठ्याला 'शिकामो' म्हणायचं असतं. मोठं माणूस उत्तर देतं, 'मराहाबा'. ही नवीन असताना एका म्हातारीला नुसतंच 'कशी आहेस' विचारून पुढं गेली. म्हातारीनं तोंड फिरवलं. नंतर कळलं, शिकामो म्हणजे तुमचे पाय धरते. आमच्या मावशी लगेच म्हणाल्या, "म्हणजे पाया पडते! एवढं शिकवून पाठवलं होतं की मी तिला." दुसऱ्या दिवशी सिस्टर म्हातारीच्या घरी गेली, वाकून शिकामो म्हणाली. म्हातारीनं हातावर भाजलेलं मक्याचं कणीस ठेवलं.

तिसरी गंमत म्हणजे लोक तिला 'म्हिंदी' म्हणायचे, म्हणजे हिंदुस्थानी. आणि विचारायचे, तुझं दुकान कुठं आहे? पूर्वीपासून गुजरातेतले व्यापारी तिकडं जाऊन स्थिरावले, त्यामुळं हिंदुस्थानी म्हणजे दुकानदार, पैसेवाला, असाच लोकांचा समज. तिनं सांगितलं, माझा बाप शेतकरी आहे, पाऊस आला नाही तर आमचंही बाजरीचं पीक जातं. कुणाला पटेना. शेवटी तिनं खुरपं घेतलं आणि दवाखान्यामागं माठाच्या भाजीचा वाफा केला. तिकडं त्या भाजीला 'म्चिचा' म्हणतात. हात बघून बायांनी ओळखलं, ही आपल्यातली आहे.

तिचा दिवस सांगतो. पहाटे प्रार्थना, मग पाणी. तिकडंही बाया डोक्यावर चुंबळ ठेवून बादली वाहतात. मग दवाखाना. बाळांची वजनं, गरोदर बायांची तपासणी, आणि बोटाला टोचून मलेरियाची चाचणी. मच्छरदाणी कशी बांधायची हे शंभर वेळा सांगायचं. आमच्यातल्या एकीनं विचारलं होतं, ती तिकडं धर्म बदलायला गेली का? मावशींना ते लागलं. सिस्टरनंच निरोपात शांतपणे सांगितलं, इथं चर्च आधीपासून आहे, इथल्या गावातल्याच मुली सिस्टर आहेत. मी प्रार्थना करते ती माझी. ताप आलेल्या लेकराला मी आधी औषध देते.

जेवायला रोज 'उगाली'. मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात घोटून केलेला घट्ट गोळा, आपल्या उकडीपेक्षाही घट्ट. तो हातानं तोडायचा, पालेभाजीला किंवा सरोवरातल्या सुकवलेल्या बारीक मासळीला लावून खायचा. जेवायच्या आधी घरातलं कुणीतरी तांब्या घेऊन येतं आणि प्रत्येकाच्या हातावर पाणी घालतं. चूल तीन दगडांची. पण चपाती? ती सणालाच! तिकडं गव्हाचं पीठ महाग. हिनं एकदा साध्या बुधवारी दहा चपात्या केल्या, तर शेजारच्या पोरांनी विचारलं, आज कुणाचं लग्न आहे?

आणि शब्द ऐका. पैशाला तिकडं 'पेसा' म्हणतात. दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', चहाला 'चाय', विम्याला 'बिमा', आणि हिशेबाला 'हेसाबु'. जुन्या काळी मोसमी वाऱ्यावर शिडाची गलबतं इकडून तिकडं जायची, अरबांची आणि आपलीही. मालाबरोबर शब्दही गेले. आमची सचिव म्हणाली, हिशेब तर समुद्रापलीकडं जाऊनही सुटत नाही!

आता त्यांच्या गटाचं ऐका, वहीत लिहून घ्या. तिकडं बचत गटाला 'विकोबा' म्हणतात. या पद्धतीची सुरुवात १९९१ साली नायजर या आफ्रिकेतल्याच देशात झाली. केअर नावाच्या संस्थेनं तिथल्या गरीब बायांबरोबर ती बसवली आणि मग ती देशोदेशी पसरली. खेड्यात बँक लांब, म्हणून पैसे लोखंडी पेटीत. पेटीला कुलपं तीन. तीन किल्ल्या तीन बायांकडं आणि पेटी चौथीच्या घरी. चौघी एकत्र आल्याशिवाय पेटी उघडत नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या पुस्तकात बचतीचा शिक्का मारतात, शिक्के मोजले की हिशेब कळतो. आजारपण आणि मयत यांच्यासाठी वेगळी थैली असते. आणि कर्ज कशासाठी, हे सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचं. पेटी सगळ्यांसमोर उघडते, तसं कारणही सगळ्यांसमोर उघडतं.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा.

मागच्या श्रावणात एक निरोप आला. गटाच्या बायांनी सिस्टरला विचारलं होतं, तू लग्न केलं नाहीस, मग तुझ्या बापाच्या किती गाई बुडाल्या? तिला कळेना. मग त्यांनी समजावलं. तिकडं लग्नात नवऱ्याकडचे लोक मुलीच्या बापाला गाई देतात. त्याला 'माहारी' म्हणतात. सिस्टर म्हणाली, आमच्याकडं उलटं आहे. मुलीचा बाप देतो. पैसे देतो, सोनं देतो, गाडी देतो. बाया हसायला लागल्या. त्यांना वाटलं हिची स्वाहिली चुकली. तिनं पुन्हा सांगितलं. मग हसू थांबलं. एका बाईनं विचारलं, "लेक पण द्यायची आणि वर पैसे पण? मग तुमच्याकडं मुलगी जन्मली की बाप रडतो का?"

सिस्टर निरोपात म्हणाली, "आई, मला उत्तर देता आलं नाही. मी झाले तेव्हा आजी रडली होती, हे तूच मला सांगितलं होतंस."

मीटिंगमध्ये कुणी बोललं नाही. मावशींनी पदर तोंडाला लावला.

निरोप तिथंच संपत नव्हता. सिस्टरनं त्यांच्या गाईंचीही दुसरी बाजू सांगितली. दवाखान्यात एक बाई आली होती, नवऱ्यानं मारलेली. माहेरी का जात नाहीस, विचारलं. ती म्हणाली, माझ्या गाई देऊन भावानं बायको आणली. मी परत गेले तर गाई परत मागतील, त्या कुठून आणायच्या? म्हणजे मैत्रिणींनो, तिकडं गाई येतात म्हणून लेक परत येऊ शकत नाही, आणि इकडं एवढं दिलंय म्हणून आपण लेकीला म्हणतो, सहन कर. दोन्हीकडं सौदा दुसऱ्यांचा, आणि मार तिला.

आता आमची चूक सांगतो. रेडिओवर सांगायची की नाही, यावर गटात दोन मंगळवार वाद झाला.

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका सदस्यानं गटातून चाळीस हजार रुपये कर्ज घेतलं. वहीत कारण लिहिलं, शेळीपालन. शेळी एकही आली नाही. पैसे गेले जावयाच्या मोटारसायकलला. हे आम्हाला माहीत नव्हतं का? सगळ्यांना माहीत होतं. हळदीला आम्हीच गेलो होतो, दारात हार घातलेली गाडी बघितली होती. ठरावावर आमच्या सह्या आहेत. पुढं तिचे हप्ते थकले. कांदा काढणीची मजुरी ती गटात भरायची आणि घरात मीठ-मिरची उधार आणायची. आम्ही काय केलं? दंड लावला. दोघी-तिघी तिच्या दारात जाऊन बसलो. परतफेड चांगली म्हणून आमच्या गटाचं नाव होतं, ते जपायचं होतं.

त्या निरोपानंतर ती सदस्य पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "शेळ्या तुम्हीच लिहा म्हणालात." खरं होतं ते. खरं कारण लिहिलं असतं तर कर्ज देता आलं नसतं. आपल्या देशात हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ सालचा आहे. हुंडा घेणं गुन्हा आहे आणि देणंही गुन्हा आहे. शिक्षा किमान पाच वर्षं तुरुंगवास, आणि दंड किमान पंधरा हजार रुपये किंवा हुंड्याच्या रकमेइतका, जो जास्त असेल तो. तो कायदा झाला त्याच वर्षी, डिसेंबरात, तिकडचा टांगानिका स्वतंत्र झाला, पुढं त्याचाच टांझानिया झाला. एवढी वर्षं झाली, आणि आम्ही वहीत शेळ्या लिहितो.

मग वाद पेटला. एक म्हणाली, गटानं पैसे दिले नाहीत तर सावकार देईल, जास्त व्याजानं. दुसरी म्हणाली, लग्न मोडलं तर मुलीला तुम्ही सांभाळणार का? तिसरी म्हणाली, मुलाच्या लग्नात घेतलं ते मी कुठून परत करू? प्रश्न सगळे खरे होते. हुंड्याला जात नाही, धर्म नाही. आमच्या गटातल्या हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती, मुसलमान सगळ्या घरांत तो कुठल्या ना कुठल्या नावानं आहे. कुणी मानपान म्हणतं, कुणी पोरीला प्रेमानं दिलं म्हणतं.

शेवटी तीन गोष्टी ठरल्या. एक, कर्जाचं कारण सदस्यानं सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचं आणि तेच वहीत लिहायचं. दोन, हुंड्यासाठी गटाचा पैसा नाही. मुलीच्या शिक्षणाला, कोर्सला, धंद्याला आधी. तीन, त्या सदस्याचा दंड माफ, हप्ते लहान करून मुदत वाढवली. एक सदस्य गट सोडून गेली, हेही सांगतो. तिच्या मुलीचं लग्न जवळ आलं होतं. तिच्या घरी आम्ही अजून जातो. ती चहा करते, पण गटाचा विषय काढत नाही.

या दिवाळीत सिस्टर तीन वर्षांनी घरी आली. मीटिंगला आली ती चपला काढून दारातच थांबली आणि सगळ्यांत म्हाताऱ्या सदस्याला म्हणाली, "शिकामो." आम्ही सगळ्या एका सुरात ओरडलो, "मराहाबा!" तिनं सगळ्यांसाठी एक कांगा आणला होता. तिकडच्या बायांचं ते रंगीत कापड, जोडीनं मिळतं, त्यातच बाळ पाठीशी बांधतात आणि काठाला एक वाक्य छापलेलं असतं. नवऱ्याला, सासूला, शेजारणीला जे तोंडानं बोलता येत नाही, ते बाया त्या काठानं बोलतात. आमच्या बाया म्हणाल्या, आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखंच की. असे कितीतरी कांगा आपल्या भारतात छापून तिकडं जातात, हे ऐकून तर सगळ्या चकित झाल्या.

आम्ही तिला विचारलं, त्या बाईला उत्तर दिलंस का? ती म्हणाली, "दिलं. तुमच्या गटाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, आम्हीही गाईंचं बोलू, पण आमच्या म्हाताऱ्यांना पटायला वेळ लागेल." आमच्याही म्हाताऱ्यांना लागतोयच.

सिस्टर परत गेली. मावशी आता बचतीचे पैसे सगळ्यांत आधी काढून ठेवतात.

मैत्रिणींनो, या आठवड्याच्या मीटिंगमध्ये एवढं करा. गेल्या दोन वर्षांतली कर्जाची कारणं वहीतून मोठ्यानं वाचा. ज्या शेळ्या, ज्या शिलाई मशिनी, जी पिठाची गिरणी वहीत आहे, ती गावात आहे का, हे एकमेकींना विचारा. भांडू नका, दारात जाऊन बसू नका. नुसतं विचारा. आणि कुणाच्या लेकीला हुंड्यावरून त्रास असेल तर १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आमचं बोलणं इथंच थांबवतो. चुलीवरची भाकरी बघा, करपली असेल. नमस्कार, आणि घरातल्या मोठ्यांना आमचं शिकामो.