नोटीस ऐकता येते
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



सेक्रेटरींनी पाच मिनिटं दिलीत, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

सर्वसाधारण सभेची नोटीस १४ दिवस आधी द्यावी लागते. आपण देतो. फलकावर लावतो, ग्रुपवर तिचा फोटो टाकतो. पण ज्यांची नजर अधू झाली आहे, त्या आपल्या ज्येष्ठ सभासदांना देखभाल खर्च वाढणार की नाही, हे शेजाऱ्याला सवड होईल तेव्हा कळतं. मत मात्र त्यांनाही द्यायचं असतं.

संगणक मराठी मोठ्याने वाचतो. एनव्हीडीए हा स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने तो २००६ साली करायला घेतला. त्याचा आवाज जरा पत्र्यासारखा लागतो, पण सवयीने समजतो. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये मराठीचे दोन चांगले आवाज आहेत, आरोही आणि मनोहर. पान उघडायचं आणि ‘रीड अलाउड’ दाबायचं, बस्स.

खरी अडचण मजकुरात आहे. जुनी इतिवृत्तं डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. स्क्रीनवर ‘ठराव’ दिसतो, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. यंत्र बिचारं आत आहे तेच बोलतं, आणि कुणाला काही कळत नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे वाचन सुरळीत होतं. जुन्या फायली बदलणारे कन्व्हर्टर आहेत. बदलल्यावर एकदा नजर फिरवावी, जोडाक्षरं बिघडू शकतात.

मराठीचीही एक खोड आहे. चंद्रातला ‘च’ वेगळा, चांदण्यातला वेगळा, लिहायचा मात्र एकसारखाच. तिथे यंत्र कधी अडखळतं. पण हिशेब कळायला तेवढं अडत नाही. ‘रु.’, ‘स.न.वि.वि.’ असली रूपं मात्र पूर्ण लिहा. (स.न.वि.वि. पूर्ण म्हणणारा माणूसही हल्ली विरळाच!)

कमिटीला विनंती एवढीच, की नोटिशीचा फोटो टाका, पण सोबत युनिकोडमध्ये टाईप केलेला मजकूरही टाका. अँड्रॉइड फोनवरचा टॉकबॅक तो वाचून दाखवील. खर्च काही नाही.

यंदाच्या हिशेबपत्रकाचं पहिलं पान टाईप करून आणलंय. आता ते मनोहर वाचेल. आग्रा रोडकडची खिडकी जरा लावून घ्या.